लाल चिठ्ठी आणि मागची प्लेट

आमच्या कॉम्प्युटरच्या मागे भगदाड आहे, हे मला सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी समजलं. वेळ इतकी नेमकी सांगतो, कारण तिथपासून रविवार संध्याकाळपर्यंत माझ्या घशाखाली एकही घास नीट उतरला नाही. वैजयंतीला हे मान्य नाही. तिच्या मते बुधवारी मी साडेतीन भाकऱ्या खाल्ल्या. पण माणूस काळजीतही खातो आणि ते खाणं वेगळं असतं, हे लग्नाला एक्केचाळीस वर्षं होऊनही तिला पटलेलं नाही.

भगदाड म्हणजे वीतभर लांब आणि तीन बोटं रुंद. झालं होतं असं, की उन्हाळ्यात वीज वरखाली होऊन कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला. इथे भोपाळच्या एम. पी. नगरातल्या एका दुकानदारानं नवा बसवून दिला आणि मी तो डबा स्कूटरवर पायांत धरून बाग सेवनियाला घरी आणला. वायरी खोचायच्या जागा मागच्या ज्या खिडकीतून बाहेर डोकावतात, तिथे प्रत्येक खाचेपुरतं भोक पाडलेली पातळ पत्र्याची एक प्लेट असते. ती नव्हती. आतला सगळा कारभार उघड्यावर. आणि मी वाकून पाहतोय तेवढ्यात भिंतीवरून एक पाल सरसरत आली, त्या खिडकीच्या कडेशी थांबली, माझ्याकडे तिनं पाहिलं आणि ती दिसेनाशी झाली. आत गेली की टेबलाखाली गेली, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. सगळी गोम तिथेच होती.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? म्हणालेच लोक, त्यांच्याकडे येतो. पण येत्या रविवारी इथल्या वेळेनं संध्याकाळी सात वाजता कॅनडात आमच्या नातीचं बारसं होतं. आमच्या मुलीच्या, ऋचाच्या, बाळंतपणाला वैजयंती जाणार होती. दोन किलो डिंक आणून ठेवला होता. पण तिच्या व्हिसाची फाइल 'प्रक्रियेत' होती, आणि नात जन्माला आली तरी ती प्रक्रियेतच राहिली. मग असं ठरलं, की पाळणा आजीनं इथून म्हणायचा. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासमोर वैजयंती बसणार, आमच्या मराठी मंडळातल्या बारा बायका साथ देणार आणि तिकडे ऋचा पाळणा हलवणार. पाळण्याची सातही कडवी वैजयंतीनं स्वतः रचली होती. जायला मिळालं नाही याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. रोज दुपारी वही घेऊन बसायची आणि खाडाखोड करायची, एवढंच. ती जे बोलत नाही त्याची मला जास्त भीती वाटते. तेव्हा सातवं कडवं यायच्या आत, दुसऱ्याच कडव्याला एखादी पाल आत तारांना चिकटून फट्‌ झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार कुणीतरी करायलाच हवा होता. तो मी केला.

विचार करणं हा माझा पेशाच होता. पिपलानीच्या टाउनशिपमध्ये राहून मी चौतीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या निरीक्षण विभागात नोकरी केली. निरीक्षण म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम नाकारणं. नाकारलेल्या वस्तूला आम्ही लाल चिठ्ठी बांधत असू. लाल चिठ्ठी लागली की ती वस्तू वापरायची नाही, जागेवरून हलवायची नाही आणि ज्यानं चिठ्ठी बांधली त्याच्याशिवाय ती कुणी सोडायची नाही. निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरताना अशा चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा चुकून माझ्या पिशवीत आला. गेल्या नऊ वर्षांत तो घरी बराच उपयोगी पडला आहे. मिक्सरला दोनदा, गॅसच्या नळीला एकदा, आणि जिन्यातल्या कठड्याला एकदा चिठ्ठी बांधली, त्यावर सोसायटीची बैठक झाली होती.

तेव्हा सोमवारी सकाळी साडेनऊला मी कॉम्प्युटरला लाल चिठ्ठी बांधली.

"अहो, आणि माझा सराव?" वैजयंती म्हणाली. "आज ऋचाबरोबर एकदा म्हणून बघायचं ठरलंय."

"प्लेट बसल्याशिवाय चालू करायचा नाही."

"मोबाइलवर म्हणू मग."

"महिन्यापूर्वी तुझा मोतीबिंदू काढलाय. तळहाताएवढ्या पडद्यात नात बघणार? आणि मागे बारा बायका?"

यावर तिनं वही मिटली आणि ती आत गेली. मी जिंकलो होतो आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे श्रीकांत वल्लभ भवनातून, म्हणजे इथल्या मंत्रालयातून, निवृत्त झालेले. नागपूरहून त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी, आणि त्यांच्या सल्ल्यांत निम्मी भीती असते. मी त्यांना नुसतं विचारलं, की पालीनं काही होतं का.

"होतं का म्हणजे? साहेब, एकदम खतरनाक चीज आहे ती," ते म्हणाले. "माझ्या साडूच्या ऑफिसात छिपकली घुसली कॉम्प्युटरमध्ये. पूर्ण मशीन खल्लास. धुआँच धुआँ! नशीब समजा पडदे जळले नाहीत."

"मग काय करावं?"

"काही नाही हो. टेप चिपकवून टाका. चालतं."

एकाच माणसानं एका दमात जाळपोळ सांगावी आणि वर चालतं म्हणावं, हे मला झेपत नाही. शिवाय टेप! ज्या घरात निरीक्षण विभागाचा माणूस राहतो, तिथे भोकाला टेप! मी दुपारीच दुकानदाराकडे गेलो.

"अरे अंकल, वो पत्ती?" तो मोकळेपणानं म्हणाला. "वो तो डिब्बे के साथ कबाड़ी ले गया होगा. उसके बिना चलता है. उल्टा हवा आएगी, मशीन ठंडी रहेगी."

"और छिपकली आएगी तो?"

"तो वो भी ठंडी रहेगी," तो म्हणाला आणि त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. तीन दुकानं आणखी फिरलो. सगळीकडे एकच उत्तर. ही प्लेट ज्या-त्या बोर्डाबरोबर येते, सुटी मिळत नाही, आणि अंकल, चलता है. भोपाळमध्ये 'चलता है' ऐकत मी हयात काढली आहे, पण एका दुपारी चार वेळा म्हणजे फार झालं.

मंगळवारी बोर्डाच्या कंपनीचं सर्विस सेंटर शोधून काढलं. तिथल्या खिडकीवर शिल्पा नावाची एक मुलगी होती, नाव छातीवर लावलेलं. तिनं अतिशय अदबीनं सांगितलं, की बदली भाग मिळेल, फक्त जुना भाग जमा करावा लागेल.

"जुना नाही, म्हणूनच नवा पाहिजे," मी हिंदीत म्हणालो.

"फिर तो सर, वो मिसिंग में आएगा. मिसिंग के लिए थाने से गुमशुदगी की रिपोर्ट लगती है."

मला राग यायला हवा होता. मला आदर वाटला. जुना दिल्याशिवाय नवा नाही, हा नियम मी स्वतः चौतीस वर्षं पाळलेला. एका फिटरला मी तुटलेल्या ड्रिलचं टोक दोन दिवस शोधायला लावलं होतं. त्या मुलीला मी 'शाबास' म्हणालो आणि हरवल्याची नोंद करायला पोलीस ठाण्यावर गेलो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

ठाण्यात नोंदी ठेवणाऱ्या मुंशीजींनी रजिस्टर उघडलं.

"क्या गुमा है?"

"कंप्यूटर की प्लेट. टीन की. उसमें छेद होते हैं."

"आखरी बार कहाँ देखी थी?"

इथे मी अडकलो. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही, विशेषतः खाकी कपड्यांसमोर. "मैंने कभी देखी ही नहीं," मी म्हणालो.

मुंशीजींनी पेन खाली ठेवलं. "बाबूजी, जो चीज आपने देखी नहीं, वो आपकी गुमी कैसे?"

मी त्यांना प्लेटचं महत्त्व, पालीच्या सवयी आणि नातीचं बारसं असं क्रमानं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नातीबद्दल मुबारकबाद दिली, पाणी पाजलं आणि एका शिपायाला सांगितलं की बाबूजींना रस्ता पार करून दे. मला रस्ता पार करता येतो. पण त्या शिपायानं दंड धरला होता, आणि समोर पानाच्या टपरीवर आमच्या सोसायटीचे दोघे जण उभे होते. पोलिसानं मला धरून नेल्याची बातमी माझ्या आधी घरी पोचली.

"काय केलंत?" वैजयंतीनं दारातच विचारलं.

"प्लेट आता मी स्वतः करणार," मी म्हणालो.

म्हणजे करवून घेणार. ड्रॉइंग मात्र माझं. बुधवारी सकाळी मी कपाटातून मापं घ्यायचा व्हर्नियर काढला, ए-थ्री कागद टेबलाला चिकटवला, पेन्सिलीला टोक केलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. (भाकऱ्या त्या दिवशीच्या.) अडचण एकच होती. कॉम्प्युटरची पाठ भिंतीकडे, आणि कॉम्प्युटरला लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठीची वस्तू जागेवरून हलवायची नाही. बघायला कुणी नव्हतं हे खरं, पण नियम बघणाऱ्यासाठी नसतो. मग मी वैजयंतीचा हातातला आरसा भिंतीला टेकवून कॉम्प्युटरच्या मागे उभा केला, बाजूनं हात घालून एकेका खाचेचं माप घेतलं, आणि कुठली खाच कुठल्या शेजारी हे आरशात बघून कागदावर उतरवलं. अकरा खाचा. प्रत्येकीला दशांश दोन स्थळांपर्यंत माप. चारी बाजूंनी दीड मिलिमीटर कड आत दुमडलेली, म्हणजे प्लेट बाहेरून दाबली की घट्ट बसेल. खाली उजव्या कोपऱ्यात सही आणि तारीख. ते ड्रॉइंग मी श्रीकांतना दाखवलं. "फ्रेम करा साहेब," ते म्हणाले. असं माणसानं बोलावं.

गोविंदपुऱ्यात शैलेंद्र नावाच्या एकाचं लेझर-कटिंगचं वर्कशॉप आहे. त्यानं ड्रॉइंग पाहिलं, खुर्ची दिली, चहा मागवला. आजकाल असं काम कुणी देत नाही म्हणाला. गुरुवारी दुपारी प्लेट तयार. स्टेनलेस स्टील, आरशासारखी चकचकीत, कुठे खरखर नाही. मी तिथेच व्हर्नियर लावला. अकराच्या अकरा खाचा अचूक.

घरी येऊन वैजयंतीला आणि श्रीकांतना उभं केलं, ऐनवेळी नियमाला एकदाची सूट देऊन कॉम्प्युटर वळवला आणि प्लेट लावली.

बसेना.

गोल भोकं जिथे यायला हवीत तिथे चौकोनी येत होती. एका टोकाच्या खाचा दुसऱ्या टोकाला. मी जोर लावला. चष्मा पुसला. पुन्हा जोर लावला.

"उलटी धरलीय का?" वैजयंती म्हणाली.

उलटी धरून पाहिली. मग भोकं जुळत होती, पण दुमडलेली कड बाहेर येत होती आणि प्लेट खाली पडत होती. कड दुमडायला मीच सांगितलं होतं. नुसता सपाट पत्रा असता तर फिरवून चाललं असतं, आणि मी हा प्रसंग आज कुणाला सांगितलाही नसता.

"त्या शैलेंद्रला ड्रॉइंग वाचता येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मोठ्यानं आणि सहज आलं. जुनं, वापरातलं वाक्य होतं ते.

तसाच गोविंदपुऱ्याला गेलो. शैलेंद्रनं माझं ड्रॉइंग काढलं, त्यावर प्लेट ठेवली. रेषेवर रेष. "सर, आपकी ड्रॉइंग से एक बाल इधर-उधर नहीं है," तो म्हणाला. मग अगदी आदरानं म्हणाला, "सर, शीशे में देखके तो नहीं बनाई थी?"

मी नाही म्हणालो. या वयात, तिथे चार कामगार उभे असताना, दुसरं काय म्हणणार? नवी प्लेट कधी मिळेल विचारलं, तर मशीन उद्या दुरुस्तीसाठी खोलणार, सोमवारनंतर बघू. कड उलटी वळवून बघतो म्हणाला, आणि एका कोपऱ्याला टक्‌ करून तडा गेला.

परत येताना होशंगाबाद रोडच्या सिग्नलला स्कूटर उभी केली. मला मखर आठवलं.

अकरा वर्षांपूर्वी पिपलानीच्या आमच्या मंडळाच्या गणपतीला ॲल्युमिनियमचं मखर करायचं ठरलं. ड्रॉइंग मी काढलं आणि ते बनवलं गिरीश वैरागडेनं. गिरीश आमच्याच कारखान्यातला फिटर, मूळचा नागपूरचा, हात असा की पत्रा त्याचं ऐकतो. महिनाभर सुट्टीच्या दिवशी बसून त्यानं ते केलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी उभं केलं, तर गुरुजींना आत शिरायचं दार भिंतीला टेकलेलं, आणि मोकळ्या बाजूला बंद पत्रा. चाळीस माणसं जमली होती. मी पुढे होऊन म्हणालो, "ड्रॉइंग वाचता येत नसेल तर माणसानं विचारावं." गिरीशनं हत्यारं पिशवीत भरली आणि तो गेला. त्या दिवसापासून तो मंडळात आला नाही. आणि मखराचं ते ड्रॉइंग मी काढलं होतं स्टेजवर चढून, गणपती जिथे बसतो तिथे उभा राहून, सभागृहाकडे तोंड करून. माझं डावं ते समोरच्याचं उजवं, हे मी कागदावर कुठेही लिहिलं नव्हतं. अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं म्हणायचं होतं मला. पण मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि खोटं बोलायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आलं होतं. दोनतीनदा आलं होतं.

शुक्रवारी मी पिपलानीला गिरीशच्या क्वार्टरवर गेलो. अख्ख्या भोपाळमध्ये एका दिवसात ती प्लेट करू शकेल असा तो एकच माणूस, हे एक कारण. दुसरं कारण मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो.

त्याची बायको प्रतिभा दारात आली. तिनं मला ओळखलं आणि आत बघून म्हणाली, "अहो, निरीक्षणवाले साहेब आले बाप्पा."

चहा झाला. मी उकाड्याबद्दल बोललो, मेट्रोच्या कामाबद्दल बोललो, गिरीशच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली त्याबद्दल बोललो. गिरीश "हो" आणि "नाही" म्हणत होता. शेवटी मी प्लेटचं सांगितलं, पालीपासून आरशापर्यंत. आरशाचं त्याला खरं सांगितलं. का कोण जाणे, त्याच्यासमोर नाही म्हणता येईना.

तो उठला, कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक घडीचा कागद काढला आणि माझ्यासमोर पसरला. मखराचं ड्रॉइंग. खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही आणि तारीख.

"रोज नाही काढत," तो म्हणाला. "गणपती आले की काढतो. मी यावर कुठे चुकलो ते पाहून राहिलो अकरा वर्षं. नाही सापडलं साहेब."

"गिरीश, तेव्हा माझं थोडं..." मी सुरुवात केली.

"प्लेटचं बोला साहेब. पोरीचं बारसं आहे."

शनिवारी सकाळी तो आला. एक छोटी पिशवी, त्यात पत्रा कापायची कात्री, दोन कानशी, एक हातोडी. ड्रॉइंग काढू का विचारलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन्सिल खिशात ठेवली. "वस्तू समोर असताना चित्र कशाला?" तो म्हणाला. कॉम्प्युटर वळवण्याआधी त्यानं लाल चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "ही तुम्हीच सोडा. कायदा आहे तुमचा."

मी चिठ्ठी सोडली.

गिरीशनं कागद घेतला, थेट भगदाडावर धरला आणि अंगठ्यानं दाबत गेला. प्रत्येक खाचेची कड कागदावर उमटली. दोन मिनिटांचं काम. मग पत्रा हवा म्हणाला. मी बाजारात जायला निघालो, तर वैजयंतीनं शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. तीन तास तो बाल्कनीत बसून कापत होता, घासत होता, लावून बघत होता. मी मागे उभा राहून एकदा "त्या कोपऱ्यात जरा..." असं म्हणालो. वैजयंतीनं आतून हाक मारली आणि मला लसूण सोलायला बसवलं.

प्लेट बसली. खट्‌ आवाज करून बसली. बसवण्याआधी त्यानं कॉम्प्युटर उघडून आतला कोपरा न् कोपरा बॅटरीनं दाखवला. पाल नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळामागून आमचं काम बघत होती. प्लेटच्या एका कडेला झाकणावरच्या चित्रातलं अर्धं गुलाबाचं फूल आलं होतं. मी व्हर्नियर आणला नाही, हे नमूद करतो.

तो निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर जिन्यात गेलो. वर-खाली कुणी नाही बघून हळूच म्हणालो, "गिरीश, मखराच्या वेळी चूक माझीच होती. माफ कर."

तो दोन पायऱ्या खाली थांबला. रागावलेला नव्हता, थकलेला वाटला. "साहेब, म्हणाले होते तुम्ही चाळीस माणसांत. आता जिन्यात सांगून राहिले. जाऊ द्या," तो म्हणाला. उद्या प्रतिभाला घेऊन ये म्हणालो, तर बघतो म्हणाला. मी घरात आलो आणि कॉम्प्युटर चालू केला. उत्तम चालला. वैजयंतीनं ऋचाबरोबर सगळी कडवी म्हणून पाहिली. मला आनंद व्हायला हवा होता. मी पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

रविवारी माझ्याकडे एकच काम होतं. नातीचं नाव थर्माकोलच्या पाटीवर रंगवायचं, ती वैजयंतीच्या खुर्चीमागे भिंतीवर लावायची आणि तिकडे आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की पाटीवरचं कापड ओढायचं. अक्षरं मी मोजपट्टी लावून काढली. चार वेळा तपासली. संध्याकाळी साडेसहाला बारा बायका आल्या. त्यातल्या नऊ मखराच्या दिवशी हजर होत्या, मी मोजल्या. सातला पाच कमी असताना प्रतिभा आली. तिच्यामागे गिरीश. तो आत येऊन बसला नाही, दाराशी चपलांजवळ उभा राहिला.

पडद्यावर ऋचा आली, जावई आला, पाळणा आला, आणि पाळण्यात आमची नात. वैजयंतीनं पडद्याला हात लावला. मग तिनं पाळणा सुरू केला. इतका साधा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. बायकांनी साथ धरली. पाचव्या कडव्याला तिकडे आत्या वाकली, बाळाच्या कानाशी लागली, आणि ऋचानं मला खूण केली.

मी कापड ओढलं. 'शमिका'. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी अभिमानानं पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात आमची खोली छोटी दिसत होती, वैजयंती, बायका, आणि मागे माझी पाटी. पाटीवरची अक्षरं उलटी होती. सगळीच्या सगळी. काना चुकीच्या बाजूला, वेलांटी भलतीकडे.

प्लेट उलटी, मखर उलटं, आणि आता नातीचं नाव उलटं, कॅनडासमोर! मी उठून उभा राहिलो. "थांबा!" मी ओरडलो. "उलटं झालंय! माझंच चुकलंय!"

पाळणा थांबला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना.

"मी असंच करतो," मी म्हणालो. "मखरही मीच उलटं काढलं होतं. ड्रॉइंग माझं चुकलं होतं. गिरीशनं कागदावर होतं तेच बरोबर केलं होतं, आणि मी सगळ्यांसमोर त्याला वाचता येत नाही म्हणालो. मला माहीत होतं. नंतर माहीत होतं, तरी बोललो नाही. गिरीश, माझं चुकलं."

पडद्यावरून ऋचाचा आवाज आला.

"बाबा, काय उलटं? इकडे सरळ दिसतंय. शमिका. किती सुंदर काढलंय!"

"पण इथे..."

"आपल्याला आपलं चित्र उलटंच दिसतं त्यात, बाबा. समोरच्याला बरोबर दिसतं."

कुणीतरी बाई पदराआड हसली आणि मग सगळ्याच हसल्या. माझ्या ओरडण्यानं शमिका उठली होती आणि जोरात रडत होती. वैजयंतीनं डोळे पुसले, हसल्यामुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. "बसा आता खाली," ती म्हणाली. "पोरगी उठली. पहिल्यापासून म्हणावं लागणार."

मी खाली बसलो. कुणीतरी माझ्या हातात बारशाच्या घुगऱ्यांची वाटी दिली. पहिलं कडवं सुरू झालं तेव्हा दाराशी चपलांची सरकवासरकव झाली, आणि कुणीतरी बायकांमधून वाट काढत येऊन माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसलं.

"साहेब," गिरीश माझ्या कानाशी पुटपुटला, "नाव तर बरोबर होतं. इतकं ओरडायची गरज नव्हती."

"होती," मी म्हणालो.

थोड्या वेळानं त्यानं माझ्या हातातली घुगऱ्यांची वाटी घेतली आणि खायला लागला.